आरशात एकदा जीभही पाहा!

सकाळी दात घासून झाले की आपण आरशात केस बघतो, पिंपल बघतो. जीभ मात्र डॉक्टरांनी ‘दाखवा’ म्हटल्यावरच बाहेर येते. उद्यापासून तिलाही अर्धा मिनिट द्या.

निरोगी जीभ गुलाबी आणि थोडी खरखरीत असते. हा खरखरीतपणा तिच्यावरच्या बारीक उंचवट्यांचा. शरीरात लोह किंवा बी१२ जीवनसत्त्व कमी पडलं की हे उंचवटे झिजतात आणि जीभ गुळगुळीत होते. लोह कमी असेल तर ती बहुधा फिकी दिसते, बी१२ कमी असेल तर लालभडक. मग साधी आमटीसुद्धा झोंबते. आपण म्हणतो, ‘उष्णतेनं तोंड आलंय’, आणि गुलकंद खातो!

पण सोबत थकवा असेल, पायांना मुंग्या येत असतील, तर गुलकंदावर थांबू नका. बी१२ मुख्यतः मांस, मासे, अंडी आणि दुधातून मिळतं. त्यामुळे शाकाहारी घरांनी, विशेषतः आजी-आजोबांनी, हे मनावर घ्यायलाच हवं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं सुरू असेल तरी बी१२ घटू शकतं. मनानेच फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सुरू करू नका. त्यांनी रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण बी१२ अभावी नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. आधी रक्त तपासा.

मधुमेहसुद्धा तोंडात दिसतो. तोंड सतत कोरडं पडणं, हिरड्या सुजणं, दात हलणं, जिभेवर पुसल्यावर निघणारा पांढरा थर वारंवार येणं, यांपैकी काही असेल तर साखर तपासून घ्या.

जिभेवर नकाशासारखे लाल पट्टे दिसले आणि ते जागा बदलत राहिले, तर मात्र घाबरू नका. तो प्रकार सहसा निरुपद्रवी असतो.

घरात कुणी सुपारी किंवा गुटखा खात असेल, तर त्यांना आपलीच तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. बोटं जात नसतील, तिखट सहन होत नसेल किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर दुखत नसलं तरी लगेच डेंटिस्टला दाखवा.