टप उघडा, खिसाही उघडा!

सेकंडहँड स्पोर्ट्स कार म्हणजे नुसती स्टाइल वाटते? बॉस, माझी २००६ ची मर्सिडीज एसएलके ३५० सांभाळून बघा! पत्र्याचं छप्पर २२ सेकंदांत डिकीत जातं. येडशीत चहाला थांबलो, की रामलिंगला निघालेली पोरं हमखास म्हणणार, "काका, टप उघडा की!"

सोलापूर-येडशी चौपदरी रस्ता झक्कास. गावातले गतिरोधक मात्र तिरके घ्यायचे, नाहीतर पोट घासतं.

छप्पर हायड्रॉलिक तेलावर चालतं आणि त्याची सीलं वयानं कडक होतात. गाडी कमी पळाली म्हणून ती तरुण राहत नाहीत. टायरचंही तेच. कडेवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. नक्षी शाबूत असली तरी म्हातारा टायर मराठवाड्याच्या उन्हात नको.

खरी धडकी इंजिनाची. सुरुवातीच्या व्ही-सिक्समध्ये बॅलन्स शाफ्टचं दातेरी चाक झिजतं. बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवायचं.

पंधरा वर्षं झाली म्हणून २०२१ मध्ये पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांनी वाढवली. पुढची पाळी २०२६ ची. घरचे म्हणतात, आता विक. मी मेकॅनिककडे इंजिन उतरवायची तारीख मागितलीय.