वाइड अँगल : जवळ जाण्याची सव्वाशे वर्षं

वाइड लेन्स हाती आली की पहिला मोह होतो तो सगळं काही फ्रेममध्ये कोंबण्याचा. ही लेन्स घडली तीही त्याच गरजेतून. इमारत उंच, गल्ली अरुंद, मागे सरकायला जागा नाही. बर्लिनच्या गोर्झ कंपनीची १९०० सालची हायपरगॉन सुमारे १३५ अंशांचं दृश्य टिपायची, पण कडा काळवंडायच्या. म्हणून लेन्ससमोर चांदणीच्या आकाराचं चक्र बसवलेलं असे. रबरी फुग्याने हवा मारून ते गरगर फिरवायचं, म्हणजे मधला प्रकाश अडायचा. मग चक्र बाजूला करून उरलेलं एक्स्पोजर पूर्ण करायचं.

वाइड लेन्सने रचनाच बदलते, हे १९४१च्या ‘सिटिझन केन’मध्ये छायालेखक ग्रेग टोलंड यांनी ठसवलं. पुढे टेबलाशी बसलेली आई मुलाला दुसऱ्याच्या हवाली करायच्या कागदांवर सही करतेय, मधे बाप घुटमळतोय आणि पार मागे, खिडकीबाहेर, मुलगा बर्फात खेळतोय. सगळे एकाच वेळी स्पष्ट दिसतात. कॅमेरा आईजवळ आहे, म्हणून मुलाचं लांब असणं जाणवतं.

ब्रिटिश छायाचित्रकार बिल ब्रँट त्याही पुढे गेले. १९५७मध्ये ससेक्सच्या किनाऱ्यावर त्यांनी टिपलेल्या एका चित्रात पुढचा सगळा भाग मानवी कानाने व्यापलाय आणि त्यामागे किनारा पसरलाय. कान खडकासारखा भासतो.

एसएलआर कॅमेऱ्यांत मात्र वाइड लेन्स फिल्मजवळ बसवायला आतला आरसा आड यायचा. १९५०मध्ये फ्रान्सच्या पिएर आँजेन्यू यांनी ३५ मिमीची रेट्रोफोकस लेन्स आणली. ती फिल्मपासून लांब राहूनही रुंद पाहू शकायची. हळूहळू २८ आणि २४ मिमी हौशी मंडळींच्या बॅगेत आल्या. २०१९च्या आयफोन ११मध्ये तर १२० अंशांचा कोन खिशात आला.

साधन सोपं झालं, रचनेचं गणित तेच राहिलं. जवळची वस्तू मोठी दिसते ती आपण जवळ गेल्यामुळे. वाइड लेन्स तिच्यामागचा पसाराही सोबत घेते. राजगडावर उभ्यानेच फोटो काढला तर डोंगररांगा मुंग्यांएवढ्या होतात आणि निम्मी फ्रेम रिकामं आभाळ खातं. त्याऐवजी गुडघे टेकून तटाचा एखादा दगड हातभर अंतरावर घ्यावा, तटाची रेघ त्याच्यापासून मागे जाऊ द्यावी. कॅमेरा वर-खाली झुकला की उभ्या रेषा कलतात आणि कोपऱ्यातले चेहरे ताणले जातात, तेवढं सांभाळावं. पुढे काय ठेवायचं हे ठरल्याशिवाय बटण दाबू नये.