क्रोमची चाके आणि कोकणचा पाऊस

रायगड जिल्ह्यातील रोहा-अष्टमी हे जोडगाव कुंडलिका नदीच्या दोन काठांवर वसलेले असून ही नदी तेथून पश्चिमेकडे जाऊन रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, चार महिने कपडेही धड न वाळू देणारी दमट हवा, खाडीवरून येणारा खारा वारा आणि पाऊस सरला की रस्त्यावर उडणारी लाल माती, असे या परिसराचे हवामान आहे. देशात आज विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांपैकी निम्म्याहून अधिक वाहने एसयूव्ही, म्हणजे उंच बांधणीची आणि मोठ्या चाकांची असल्यामुळे कोलाड, नागोठणे, पेण या पट्ट्यातही ती सर्रास दिसतात, आणि त्यांतील काहींच्या चाकांना आरशासारखी चकाकणारी क्रोमची झळाळी असते. ही झळाळी कशाची बनलेली असते आणि या हवेत ती टिकवायची कशी, हे समजून घेतल्याशिवाय त्या चाकांवर पैसे घालणे धोक्याचे आहे.

क्रोमियम हा धातू फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होकलँ यांनी १७९७ मध्ये शोधला, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून मोटारींच्या बंपरांवर व चाकांच्या टोप्यांवर त्याचा मुलामा चढू लागला. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे चकचकीत बंपर ज्यांना आठवतात, त्यांनी हाच मुलामा पाहिलेला आहे. हा मुलामा विजेच्या साहाय्याने चढवतात: धातूची वस्तू द्रावणात बुडवून विद्युतप्रवाह सोडला की द्रावणातील धातूचे कण तिच्या पृष्ठभागावर बसत जातात. मात्र ‘क्रोमचे चाक’ म्हणताना डोळ्यांसमोर जो क्रोमचा जाड थर येतो, तो प्रत्यक्षात नसतोच. चाक असते ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, म्हणजे ज्याला बाजारात अलॉय किंवा मॅगव्हील म्हणतात त्याचे; त्यावर आधी जस्ताचा अगदी पातळ हात, मग तांब्याचा थर, मग निकेलचे एक-दोन थर आणि सर्वांत शेवटी क्रोमियम. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. निकेलचे थर मिळून वीस-तीस मायक्रॉनांच्या घरात जातात, तर वरचे क्रोमियम अर्ध्या मायक्रॉनाहूनही पातळ असते. गंजाला अडवण्याचे खरे काम निकेल करते. क्रोमियम निळसर चकाकी देते, ओरखड्यांना तोंड देते आणि निकेलला काळवंडू देत नाही. घरातल्या पितळी भांड्याची कल्हई उडाली तर कल्हईवाला ती पुन्हा करून देत असे, पण क्रोमचा हा अनेक पदरी मुलामा एका जागी फुटला की तेवढाच भाग नीट जोडून देण्याचा उपाय नाही.

क्रोमियम स्वतः जवळजवळ गंजत नाही, कारण हवेशी संबंध येताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ आणि घट्ट पडदा तयार होतो. चाक बिघडते ते खालून. क्रोमियमच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य भेगा व छिद्रे असतात. त्यांतून मिठातील क्लोराइड आणि ओलावा निकेलपर्यंत पोहोचतात, तेथून तांबे आणि शेवटी ॲल्युमिनियम. दोन भिन्न धातू ओल्या मिठाने जोडले गेले की त्यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्यांपैकी रासायनिकदृष्ट्या दुबळा धातू झिजू लागतो. येथे तो धातू म्हणजे ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी मुलाम्याखाली फुगते, वर तांदळाच्या दाण्याएवढा फोड दिसतो आणि काही महिन्यांत तेथला पापुद्रा सुटतो. चांगले कारखाने यासाठी निकेलचे दोन वेगळे थर देतात. वरच्या थरात मुद्दाम थोडे गंधक असते, त्यामुळे तो आधी झिजतो आणि झीज खाली उतरण्याऐवजी आडवी पसरते. स्वस्त मालात मात्र दोनऐवजी एकाच थरावर भागवले जाते, आणि दुकानात शेजारी ठेवलेल्या दोन चाकांत तो फरक डोळ्यांना मुळीच दिसत नाही.

याहून वेगळा आणि अनेकांना ठाऊक नसलेला एक प्रकार आहे. त्यात चाकाच्या धातूवर मुलामा नसतोच. क्रोमचा मुलामा दिलेले प्लास्टिकचे कवच साध्या चाकाच्या दर्शनी भागावर फोम किंवा चिकट द्रव्याने कायमचे बसवलेले असते. नखाने टिचकी मारली तर धातूचा खणखणीत आवाज न येता बद्द आवाज येतो, हीच त्याची ओळख. कवच आणि चाक यांच्या फटीत चिखल व पाणी शिरले की ते बाहेर पडत नाही, साचलेल्या चिखलाच्या वजनाने चाकाचा तोल जातो, आणि वेग घेतल्यावर स्टिअरिंग थरथरू लागते. असे चाक पुन्हा घासून मुलामा देण्याजोगे नसते. कवच निघाले की ते टाकूनच द्यावे लागते. जेथे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गाडीची चाके ओलीच असतात, त्या रायगड जिल्ह्यासाठी हा प्रकार सर्वांत कमी योग्य आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

निगा राखण्याचे मुख्य साधन साधे, गोडे पाणी आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. काशीद किंवा मुरूडच्या किनाऱ्याला जाऊन आलेल्या गाडीची चाके त्याच दिवशी, पुढून आणि आतूनही, भरपूर पाण्याने धुवावीत, आणि वाळूवर गाडी उतरवणे तर टाळावेच. वाळलेली लाल माती कोरड्या फडक्याने पुसणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे: त्या मातीत वाळूचे कठीण कण असतात आणि प्रत्येक हाताबरोबर ते चाकावर बारीक रेघा ओढतात. माती आधी पाण्याने भिजवून वाहून जाऊ द्यावी, मग सौम्य कार शाम्पूच्या फेसात बुडवलेल्या मऊ कापडाने चाक धुवावे, आणि कोरड्या मायक्रोफायबरने लगेच टिपून घ्यावे, कारण विंधनविहिरीचे जड पाणी तसेच सुकले तर चुन्याचे पांढरे डाग पडतात. सुकेळी खिंड उतरून आलेल्या गाडीच्या चाकांवर लगेच पाणी मारू नये. ब्रेकमुळे तापलेल्या धातूवर साबण क्षणात वाळतो आणि त्याचे डाग चिकटून बसतात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ही धुलाई आवश्यक आहे, आणि ती कंटाळवाणी असली तरी तिला पर्याय नाही.

पुढच्या चाकांवर दिसणारे नारिंगी ठिपके पाहून अनेक मालक घाबरतात. परंतु बहुधा तो क्रोमचा गंज नसून ब्रेकमधून झडणाऱ्या लोखंडी भुकटीचा असतो. ही भुकटी उष्ण असतानाच चाकावर चिकटते आणि दमट हवेत तांबूस होते. वेळेवर धुतली तर ती निघून जाते. धुण्याची घाई करताना मात्र आम्लाला हात लावू नये. तांब्या-पितळेला चिंच चालते, म्हणून क्रोमलाही चालेल असे मानणे चुकीचे आहे, आणि संडास धुण्याच्या द्रावणात बहुधा असते ते हायड्रोक्लोरिक आम्ल तर क्रोमियमला चक्क विरघळवते. जुना मुलामा उतरवण्यासाठी मुलामा देणारे कारागीर हेच आम्ल वापरतात. वॉशिंग सेंटरमध्ये चाके झटपट पांढरी करणारे द्रावण कशाचे आहे, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. त्यात आम्ल किंवा कॉस्टिक सोडा असेल तर तेथे केवळ पाणी आणि शाम्पू वापरण्याचा आग्रह धरावा. तारेची घासणीही वर्ज्य. चाक स्वच्छ आणि कोरडे झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी मेणाच्या पॉलिशचा पातळ हात दिला, तर त्या सूक्ष्म भेगांत ओलावा शिरणे बरेच कमी होते.

चाकाचे आयुष्य जितके धुण्यावर, तितकेच पंक्चरवाल्याच्या हातावर अवलंबून असते. ट्यूबलेस टायरची कड रिमच्या ज्या खाचेवर घट्ट बसून हवा धरून ठेवते, तेथला मुलामा सुटला की हवा हळूहळू गळू लागते. टायरमध्ये खिळा सापडत नाही, पंक्चर निघत नाही, आणि तरीही दर आठवड्याला हवा कमी होते. पाण्याच्या टाकीत चाक बुडवले की रिमच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळ उठते. अशा वेळी टायर काढून ती खाच साफ करून सील लावता येते, पण सुटलेले पापुद्रे पात्यासारखे धारदार असल्यामुळे हातमोजे घातल्याशिवाय त्यांना स्पर्श करू नये. चाकाचा तोल साधताना रिमच्या कडेवर ठोकून बसवायची वजने मुलामा फोडतात, म्हणून आतल्या बाजूस चिकटवायची वजने मागून घ्यावीत. चकचकीत टोपी चढवलेले व्हील नट असतील तर टोपीखालचे लोखंड गंजून नट फुगतो आणि भर पावसात रस्त्यावर स्टेपनी बदलताना पाना त्यावर बसत नाही. एकसंध नट घेणे केव्हाही चांगले.

जुन्या चाकांना पुन्हा मुलामा देण्याचा मोह होतो, पण त्यामागची एक गोष्ट ग्राहकापर्यंत पोहोचत नाही आणि ती पोहोचायला हवी. रूढ पद्धतीच्या द्रावणात षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे अतिशय क्रियाशील व विषारी रूप असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये त्याची गणना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली. मुलाम्याच्या द्रावणाच्या कुंडावर काम करणाऱ्या कामगारांच्या नाकाच्या पडद्याला वाफेमुळे छिद्र पडते, हा या व्यवसायातला जुना आजार आहे. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून विशेष परवानगीशिवाय हे द्रव्य वापरता येत नाही, तर कॅलिफोर्निया राज्याने शोभेच्या मुलाम्यासाठी ते २०२७ पासून बंद करण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला. त्रिसंयुजी क्रोमियम हा त्यामानाने सौम्य पर्याय उपलब्ध आहे. सांडपाण्यावर प्रक्रिया न करता ते गटारात सोडणाऱ्या कुठल्याशा गल्लीतल्या कुंडावर स्वस्तात मुलामा करून घेणे म्हणजे स्वतःच्या चाकाची चमक दुसऱ्याच्या फुप्फुसांवर आणि शेजारच्या नदीवर लादणे होय. शिवाय जुना थर काढताना चाकाचा धातूही घासला जातो, म्हणून तडा गेलेले किंवा वेल्डिंग केलेले चाक कोणत्याही परिस्थितीत पुन्हा मुलाम्याला देऊ नये.

नवी चाके घ्यायचीच असतील तर मोटारींच्या रिमसाठी असलेल्या भारतीय मानक १६१९२ नुसार आयएसआय चिन्ह आहे का, चाकावर कोरलेली भारक्षमता गाडीच्या वजनाला पुरेशी आहे का आणि मुलाम्याची हमी किनारपट्टीवर लागू होते का, हे बिल करण्याआधी पाहावे. आठवड्याला चाके धुणे ज्यांना जमणार नाही, त्यांनी या पट्ट्यात रंगवलेली अलॉय चाकेच घ्यावीत. त्यांचा रंग टवका उडाल्यावर पुन्हा देता येतो आणि खर्चही कमी येतो. ज्यांच्याकडे क्रोमची चाके आहेत, त्यांनी दसऱ्याला गाडीची पूजा करून हार घालण्याआधी एकदा जॅक लावून चारही चाके काढून त्यांची आतली बाजू धुऊन पाहावी, कारण पावसाळ्याने केलेले नुकसान आधी तेथे दिसते.