डुकराचा पाय आणि हॉटेलचं पिंप

होसूर रस्ता आणि सरजापूर रस्ता यांच्या दरम्यान वसलेल्या एचएसआर लेआउटमध्ये हॉटेलांना तोटा नाही. रात्री उरलेला भात, चपात्या, सांबार पिंपांत जमा होतो. बेंगळुरूसारख्या शहरांच्या आसपासचं बरंचसं छोटं वराहपालन अशा अन्नावर चालतं. डुकराचं पोट भरतं, वजनही चढतं, आणि चार-पाच महिन्यांचं जनावर एक दिवस उठायलाच तयार होत नाही. घसरलं असेल, असं म्हणून मालक विषय सोडून देतो. पण बहुतेकदा हे दुखणं त्या दिवसाचं नसतं. खाद्यानं आणि जमिनीनं ते कितीतरी आधी पेरलेलं असतं.

जोडीला घातल्या जाणाऱ्या गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस साधारण १ टक्का, तर कॅल्शियम ०.१ टक्क्याच्या आसपास. भात-चपातीत कॅल्शियम नावालाच. त्यातून धान्यातला बहुतांश फॉस्फरस फायटेट या संयुगात अडकलेला. फायटेज हे विकर मिसळल्याशिवाय डुकराला तो फारसा पचत नाही. वाढत्या डुकराच्या खाद्यात कॅल्शियम ०.६ ते ०.७ टक्के हवं. ते मिळालं नाही की शरीर हाडांतून काढून घेतं. हाडं मऊ पडतात, वाकतात, मोडतातही. चुनखडीची भुकटी आणि खनिज मिश्रण यांचा खर्च एका जनावराच्या किमतीपुढे किरकोळ आहे. एचएसआरपासून जवळच, आडुगोडीला, १९९५ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय पशु पोषण आणि शरीरक्रियाविज्ञान संस्था आहे. प्रदेशानुसार खनिज मिश्रणं बनवणं हे तिच्या कामांपैकी एक. हे ज्ञान शेजारच्या गोठ्यापर्यंत पोचायलाच हवं. (उरलेलं अन्न नीट उकळूनच घालावं, हेही. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा रोग २०२० मध्ये भारतात आला. तो अशा अन्नातूनही पसरतो.)

खनिजं पुरेशी असूनही पाय जातात, ते ऑस्टिओकाँड्रोसिसमध्ये. वाढत्या हाडाच्या टोकाशी असलेल्या कूर्चेचा रक्तपुरवठा तुटतो, तेवढा भाग मरतो, त्याचं हाड होत नाही. पहिल्या काही महिन्यांतच हे घडून जातं. झपाट्यानं वजन घेणाऱ्या जातींत ते जास्त दिसतं. असं जनावर ओळखू येतं: पुढचे पाय गुडघ्यात किंचित दुमडलेले, मागचे पोटाखाली ओढलेले, पाठ कमानीसारखी, पावलं आखूड. पुढे कूर्चेचा तुकडा सुटून सांध्यात फिरू लागतो. मग वेदनाशामकानं तात्पुरता आराम पडतो, सांधा काही पूर्ववत होत नाही.

सांधे जंतूंमुळेही बिघडतात, आणि जंतूंचं वेळापत्रक वयानुसार बदलतं. दूधपित्या पिल्लांत स्ट्रेप्टोकोकस, तीन ते सहा महिन्यांत मायकोप्लाझ्मा हायोसिनोव्हिए. एरिसिपेलस या जंतुजन्य रोगाच्या तीव्र अवस्थेत अंगावर चौकोनी लाल चट्टे उठतात. त्यातून वाचलेलं जनावर पुढे सांधेदुखीनं लंगडतं. पाश्चर आणि त्यांचा तरुण सहकारी लुई थुलिए यांनी १८८३ मध्ये या रोगावर लस दिली. जंतू सशांमधून नेऊन त्यांनी तो दुबळा केला होता. त्याच वर्षी कॉलऱ्याचा शोध घेताना थुलिए इजिप्तमध्ये वारला, वयाच्या २७ व्या वर्षी.

लंगडण्याबरोबर खुराच्या वरच्या कडेला फोड दिसले तर लाळ्या-खुरकुताचा संशय घ्यावा, जनावर वेगळं बांधावं आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवावं. पिल्लांच्या बाबतीत मात्र आधी जमीन पाहावी. नव्या खरबरीत काँक्रीटवर दूध पिण्यासाठी रेटारेटी करताना पुढच्या गुडघ्यांची कातडी पहिल्याच दिवसांत सोलवटते आणि जंतूला सांध्याची वाट तिथूनच मिळते. खाली भाताचा पेंढा पसरावा, नाळेला आयोडीन लावावं. नवं काँक्रीट घासून गुळगुळीत करावं, पण पाय सरकेल इतकं नाही.