करबचत आणि करचुकवेगिरी

मार्चअखेर जवळ आली की पीपीएफमध्ये पैसे भरणारा आणि भाड्याची खोटी पावती जोडणारा, दोघेही ‘कर वाचवला’ असेच म्हणतात. कायद्याच्या लेखी मात्र या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

करबचत म्हणजे कायद्यानेच दिलेली वजावट (करपात्र उत्पन्नातून कमी होणारी रक्कम) घेणे. जुन्या करप्रणालीत पीपीएफ, आयुर्विमा वगैरेंवर मिळून वर्षाला १.५ लाखांपर्यंत ती मिळते. करचुकवेगिरी म्हणजे उत्पन्न दडवणे किंवा खोटा खर्च दाखवणे. हा फरक एसटीच्या उदाहरणाने पाहू: पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांचा एसटी प्रवास मोफत असतो. ती सवलत त्यांच्या हक्काची. साठीच्या माणसाने वय खोटे सांगून तीच घेतली, तर ती फसवणूक ठरते.

या दोहोंच्या मध्येही एक पट्टा आहे: कागदोपत्री सारे नियमात, पण व्यवहाराचा मुख्य हेतू फक्त कर टाळणे. मोठ्या रकमांच्या अशा व्यवहारांसाठी १ एप्रिल २०१७ पासून स्वतंत्र नियम लागू झाले. सामान्य पगारदाराचा त्यांच्याशी सहसा संबंध येत नाही.

त्याचा संबंध येतो तो भाडेपावतीशी. महसुली तिकीट लावून सही केली म्हणून पावती खरी होत नाही. भाडे प्रत्यक्ष दिलेले असावे लागते. वार्षिक भाडे १ लाखावर गेले की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि त्या पॅनवर भाड्याचे उत्पन्न दिसले नाही तर तफावत उघडी पडते. जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्यास बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो. खोटी वजावट आधीच दाखवली असेल, तर मुदतीत सुधारित विवरणपत्र भरून ती मागे घेता येते.