शिष्यवृत्ती आहे, पण विज्ञानाचे दार अकरावीतच बंद होते

नीटचा निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू होती. पुसेगावातील एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. गुण चांगले होते. राखीव जागेवर शासकीय महाविद्यालयात नंबर लागण्याची आशा होती. जातीचा दाखला होता, उत्पन्नाचा होता, अधिवास होता. नव्हते ते जात वैधता प्रमाणपत्र. वडील म्हणाले, "ताई, आजोबाचा शाळेतला उतारा सापडला, पण तो उर्दूत हाय. वाचून देणारं कोणी भेटंना." मुदतीत वैधता मिळाली नाही. मुलगी खुल्या प्रवर्गात मोजली गेली आणि यादीत नाव आले नाही. आज ती पुन्हा तयारी करते आहे.

त्या घरात कमी पडली ती वेळेवर मिळालेली माहिती. आपल्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या नाहीत असे नाही. पण त्यातली बहुतेक मदत प्रवेश झाल्यावर मिळते, आणि विज्ञान-आरोग्याकडे जाण्याची वाट त्याच्या दोन वर्षे आधीच ठरते. ही दोन वर्षे कोण सांभाळणार, हा आपल्यापुढचा खरा प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी मागणी विज्ञानासाठीच केली होती

१९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. मुदत संपली तेव्हा लंडनमधले शिक्षण अर्धवट सोडून त्यांना १९१७ मध्ये परतावे लागले. शिष्यवृत्ती अवेळी थांबली की काय होते, हे त्यांनी स्वतः भोगले होते.

व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन दिले. त्यात त्यांनी स्पष्ट मांडले की, केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपला समाज फार पुढे जाणार नाही. विज्ञान आणि तंत्रशिक्षण हवे, ते महाग आहे, म्हणून सरकारने त्यासाठी दरवर्षी वेगळी रक्कम द्यावी. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांसह. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढून मराठवाड्यातल्या आपल्या मुलांसाठी उच्च शिक्षणाचे दार उघडले.

आज महाडीबीटीवर आपण जो अर्ज भरतो, त्याचे मूळ इथे आहे. तो हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही.

कोणती मदत, किती

भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. महाविद्यालयाचे मान्य शुल्क आणि वर्षाचा निर्वाह भत्ता मिळतो. एमबीबीएससारख्या व्यावसायिक पदवीला वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला १३,५०० रुपये, घरून येणाऱ्यास ७,०००. साध्या बीएस्सीला ६,००० आणि ३,०००. अकरावी-बारावीला ४,००० आणि २,५००. घरून जाणाऱ्या अकरावीच्या मुलाचा महिना काढा: सुमारे २०८ रुपये. एवढ्यात एसटीचा खर्चही भागत नाही, शिकवणी तर दूरच. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर फ्रीशिपमधून शुल्काची सवलत मिळते, भत्ता मिळत नाही.

या योजनेत केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली शुल्काची रक्कम सात दिवसांत महाविद्यालयात भरायची असते. घरच्या अडचणीत ती खर्च झाली की पुढे निकाल आणि कागदपत्रे अडकतात. ज्या खात्यावर पीककर्ज थकले आहे, ते खाते आधारला जोडून शिष्यवृत्तीसाठी देऊ नका. मुलाचे स्वतंत्र खाते काढा.

खोलीचे आणि जेवणाचे पैसे स्वाधार योजनेतून मिळू शकतात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ही योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये. हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीला साहित्यासाठी आणखी ५,०००. ही योजना दहावीनंतर लगेच लागू होते. म्हणजे पुसेगावची मुलगी हिंगोलीत खोली घेऊन अकरावी विज्ञान करत असेल तर तीही अर्ज करू शकते. गुणांची अट पूर्ण हवी आणि ती त्या शहराची रहिवासी नसावी. हे माहीत नसल्यामुळे कित्येक घरे दहावीनंतर मुलीला जवळच्या कला शाखेत घालून मोकळी होतात.

बार्टीच्या योजनांवरही नजर ठेवावी. दहावीत नव्वद टक्क्यांच्या वर गुण असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अकरावी-बारावीत तयारीसाठी दोन वर्षांत दोन लाख रुपये देण्याची तिची योजना आहे. मदत प्रवेशाच्या आधी हवी, हे ओळखणारी ही थोडक्यांपैकी एक. पण नव्वदच्या खाली राहिलेल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या हुशार मुलांचे काय, हा प्रश्न उरतोच.

अकरावीतच करायची कामे

पहिले काम वैधतेचे. विज्ञान शाखेत प्रवेश घेताच महाविद्यालयामार्फत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज करा. बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. आपल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आपला भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुन्या शाळांच्या आणि महसुली नोंदी पुष्कळदा उर्दूत सापडतात. त्यांचे प्रमाणित भाषांतर करून घ्यायला वेळ लागतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबांचा उतारा, कोतवाल बुकातली नोंद शोधा. वडील, काका, चुलतभाऊ अशा वडिलांकडच्या रक्तनात्यात कोणाची वैधता झाली असेल तर तो मोठा आधार ठरतो. एका भावकीत एक प्रमाणपत्र निघाले की बाकीच्यांची वाट सोपी होते.

दुसरे काम नोंदींचे. शाळेच्या दाखल्यावर एकाकडे नुसते 'बौद्ध', दुसऱ्याकडे मूळ जात, तिसऱ्याकडे दोन्ही, अशी आपल्या घरांत सरमिसळ असते. १९९० च्या कायदा दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचे लाभ केंद्रातही मिळाले. तरी नाव, आडनाव आणि जातीच्या नोंदी जुळत नसल्या की प्रकरण मागे पडते. चुका दहावीच्या आधीच दुरुस्त करून घ्या.

तिसरे, दलालापासून सावध. व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिष्यवृत्ती हवी तर प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातली जागा घेऊन "पुढे शिष्यवृत्ती बसवून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

डॉक्टर ही एकच वाट नाही

हिंगोलीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४-२५ पासून १०० जागांसह सुरू झाले. पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात गेल्या की ८५ उरतात. त्यांत अनुसूचित जातीचे १३ टक्के म्हणजे साधारण ११ जागा, आणि त्याही साऱ्या राज्यासाठी. महाविद्यालय आपल्या जिल्ह्यात आहे म्हणून जागा आपोआप आपल्याला मिळणार नाही.

म्हणून नीटसोबत इतर परीक्षांचे अर्जही भरून ठेवावेत. बीएस्सी नर्सिंगची वेगळी सीईटी आहे. औषधनिर्माणशास्त्रासाठी एमएचटी-सीईटी आहे. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ यांच्यावाचून कोणतेही रुग्णालय चालत नाही. शुद्ध विज्ञानाचे म्हणाल तर आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया प्रयोगशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली. तिथे आपली पोरे फक्त पहारेकरी म्हणून लागणार की तंत्रज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ म्हणूनही, हे आज आठवी-नववीत गणित कोण शिकवते यावर ठरेल.

विहारात काय करता येईल

जयंतीला आपण वर्गणी काढतो, मिरवणूक काढतो. त्याच वर्गणीतला एक हिस्सा काढून प्रत्येक विहारात तीन गोष्टी करता येतील. दहावीच्या निकालानंतरच्या आठवड्यात कागदपत्रांचे शिबिर. गावातल्या बीएस्सी झालेल्या मुलामुलींनी रविवारी घ्यायचा गणित-विज्ञानाचा वर्ग. आणि एक वही, ज्यात वस्तीतल्या आठवी ते बारावीच्या प्रत्येक मुलाचे नाव, त्याचे दाखले आणि अर्जाच्या तारखा लिहिलेल्या असतील.

शासनाकडे आपली मागणीही नेमकी हवी. अकरावी-बारावी विज्ञानाचा निर्वाह भत्ता वाढवा, स्वाधारचे पैसे वर्ष संपण्याआधी द्या, तालुक्याच्या ठिकाणी नीट-सीईटीची मोफत तयारी सुरू करा. निवेदन देताना मोघम बोलू नका. २०८ रुपयांचा हिशेब सोबत जोडा.

त्या मुलीच्या धाकट्या भावाने यंदा अकरावी विज्ञानात प्रवेश घेतला. आजोबांच्या उर्दू उताऱ्याचे भाषांतर झाले आहे आणि दोघांचेही वैधतेचे अर्ज समितीत दाखल आहेत. आपल्या वस्तीत असे किती उतारे पेटीत पडून आहेत, ते या रविवारी विहारात विचारा.

जय भीम!