पालखीच्या वाटेवरील मुक्काम : बारामती व इंदापूर येथील निवासव्यवस्थेचा विचार

कोणत्याही गावाची माणसे सामावून घेण्याची शक्ती त्या गावाच्या नित्याच्या गरजेवर बेतलेली असते. घरे कुटुंबापुरती, धर्मशाळा वाटसरूंपुरत्या आणि खाणावळी बाजारच्या दिवसापुरत्या. अशा गावी एखाद्या निमित्ताने एका रात्रीपुरती गावच्या वस्तीहून मोठी संख्या येऊन उतरली, म्हणजे परक्या माणसापुढे दोन प्रश्न उभे राहतात. निवारा आपल्या ऐपतीत मिळेल काय, हा पहिला. आणि ज्याच्या भरवशावर पाठ टेकावयाची तो मनुष्य विश्वासाचा आहे काय, हा दुसरा. वरवर हे प्रश्न प्रवाशाच्या खाजगी सोयीचे वाटतात. वास्तविक त्यांची उत्तरे समाजाच्या घडणीत शोधावी लागतात.

आधुनिक जगात या प्रश्नांचे उत्तर बहुधा बाजारावर सोपविलेले असते. २०२२ साली कतार येथे फुटबॉलची जागतिक स्पर्धा भरली. सुमारे तीस लक्ष वस्तीच्या त्या देशात महिन्याभरात दहा लक्षांहून अधिक प्रेक्षक आले. हॉटेले अपुरी पडणार हे आधीच दिसत असल्याने वाळवंटात लहान खोल्यांच्या व तंबूंच्या वसाहती उभारण्यात आल्या, बंदरात प्रवासी जहाजे नांगरून त्यांतील खोल्या भाड्याने देण्यात आल्या, आणि कित्येक प्रेक्षक तर शेजारच्या देशांत मुक्काम करून सामन्यापुरते विमानाने येऊन जात. तरीही दर चढलेच. आगाऊ पैसे भरून पोहोचलेल्या काहींना खोल्यांचे काम अपुरे असल्याचे आढळले, तेव्हा तक्रार कोणाकडे न्यावयाची हे त्यांस ठाऊक नव्हते. मागणी एकाएकी वाढली की भाडे वाढावे व विश्वास घटावा, हा क्रम येथे जणू नियमासारखा दिसतो.

हा नियम जेथे लागू पडत नाही असे एक उदाहरण पुणे जिल्ह्यातच दरवर्षी पहावयास मिळते. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून निघणारी संत तुकारामांची पालखी पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड असे मुक्काम करीत बारामती तालुक्यात शिरते. उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी हे तिचे या दोन तालुक्यांतील मुक्काम. सराटीनंतर नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान घालून सोहळा सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे जातो. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास ही प्रथा घालून दिली असे परंपरा सांगते. सोबतची संख्या लाखांच्या घरात असते. एवढा समुदाय उंडवडीसारख्या लहान गावी एका सायंकाळी उतरतो व दुसऱ्या दिवशी पहाटे निघून जातो; आणि रात्रीच्या निवाऱ्यासाठी गावात भाव फुटल्याचे सहसा ऐकू येत नाही.

असे का व्हावे? भक्तिभाव हे उत्तर खरे आहे, परंतु अपुरे आहे. भक्तिभाव पंढरपुरातही असतो. तेथे मात्र एकादशीच्या सुमारास खोल्यांना भाडे पडतेच. वाटेवरील मुक्कामांत जे निराळे आहे ते दिंडी या संस्थेत आहे. म्हणून तिची रचना किंचित तपशिलाने पाहणे इष्ट ठरेल.

दिंडी म्हणजे केवळ भजनाची मंडळी नव्हे. विणेकरी, मृदंग वाजविणारा पखवाजी, टाळकरी, पताका घेतलेले, डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया हे तिचे दिसणारे अंग झाले. न दिसणारे अंग म्हणजे तिचा चालता प्रपंच होय. प्रत्येक दिंडीस क्रमांक असतो. तिचे स्थान रथापुढे किंवा रथामागे ठरलेले असते आणि ते सहजासहजी बदलत नाही. दिंडीत येणारा मनुष्य निघतानाच ठराविक रक्कम भरतो. तिला भिशी म्हणतात. या रकमेत दोन वेळचे जेवण, सामानाची वाहतूक आणि राहुटीतील जागा एवढे सारे येते. पूर्वी सामान बैलगाड्यांतून जाई, आता ते मालमोटारीतून जाते. पहाटे दिंडी चालू लागली की स्वयंपाकी व तंबूवाले सामानासह पुढल्या गावी जातात, नेहमीच्या जागी राहुट्या ठोकतात, चुली पेटवितात. सायंकाळी थकून आलेला वारकरी परक्या गावी येतो खरा, पण तो परक्या घरी येत नाही. दिंडीची पताका व क्रमांकाची पाटी शोधली की त्याचे घर सापडते. तंबू तोच, शेजारी तेच, वाढणारा हातही तोच. बदललेली असते ती केवळ जमीन.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. प्रवाशाचे जे दोन प्रश्न आरंभी मांडले, ते वारकऱ्यापुरते वाटेवर उद्भवतच नाहीत. ते त्याच्या स्वतःच्या गावीच सुटलेले असतात. दिंडीचा प्रमुख बहुधा त्याच्या पंचक्रोशीतला किंवा त्याच्या फडाचा असतो. वडील ज्या दिंडीत चालले तिच्यातच मुलगा चालतो. फसवणूक झालीच, तर फसविणारा पुढल्या वर्षी त्याच लोकांत तोंड दाखविणार असतो. हे बंधन लेखी कराराहून चिवट असते.

तक्रारीची सोयही या व्यवस्थेत आहे. आळंदीच्या पालखीतील पद्धत या बाबतीत विशेष बोलकी आहे. सायंकाळी तळावर सर्व दिंड्या जमल्या की चोपदार आपला दंड उंचावतो आणि क्षणात टाळांचा गजर थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, त्याचा निवाडा होतो, आणि मगच आरती होते. हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची नावेही याच वेळी पुकारली जातात. लाख माणसांच्या मेळ्यात एखादी पिशवी मूळ मालकाकडे परत जावी यासाठी कोणतीही कचेरी उघडावी लागत नाही, हे प्रशासनशास्त्राच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

आता यजमान गावांकडे वळू. मुक्कामाच्या गावास प्रथम लागते ते पाणी. या दृष्टीने बारामती व इंदापूर तालुक्यांतील गावे एकसारखी नाहीत. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागल्यापासून बारामतीच्या दक्षिणेस व इंदापूरच्या पश्चिम भागात बागायत वाढली. ऊस आला, पुढे सहकारी साखर कारखाने आले. सणसरजवळील भवानीनगरचा कारखाना त्यांपैकीच. बागायतीबरोबर शाळांच्या इमारती, बाजार समितीची आवारे, मंगल कार्यालये उभी राहिली, आणि वारकऱ्यांना उतरण्यास छप्पर मिळाले. उंडवडीचा भाग मात्र जिरायती. तेथे ऐन मुक्कामाच्या दिवशी टँकरने पाणी पुरवावे लागते. इंदापूरच्या पूर्व भागाचे चित्र भीमेवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाल्यानंतर पालटले. ज्या गावास स्वतःला पुरेसे पाणी नाही त्याने लाख पाहुण्यांना पाणी द्यावे, हा या व्यवस्थेतील सर्वांत अवघड भाग होय. तो केवळ श्रद्धेने सुटत नाही. त्यासाठी शासनाची वाहने लागतात हे मान्य केले पाहिजे.

यजमानपण मात्र ऐपतीवर अवलंबून राहिलेले नाही. काटेवाडीस परीट समाजाची मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि तेथेच धनगरांच्या मेंढ्या पालखीभोवती रिंगण घालतात. बेलवाडीस अश्वांचे गोल रिंगण होते. ही दृश्ये पाहण्यास गर्दी लोटते, व वृत्तपत्रांतून छायाचित्रेही त्यांचीच येतात. निवासाच्या विचारात त्यांचे महत्त्व वेगळे आहे. ज्या गावात ज्या समाजाचा मान ठरलेला आहे, त्या समाजाची जबाबदारीही ठरलेली असते. मान आणि ओझे ही येथे एकाच नाण्याने मोजली जातात. अमुक दिंडी अमुक वाड्यात, अमुक शेतात किंवा अमुक शाळेत उतरणार, हे वर्षानुवर्षे चालत आलेले असल्याने दोन्ही बाजूंस घासाघीस करण्याचे कारण उरत नाही. गावकरी एक वेळची पंगत देतात. जेवढ्या पंगती अधिक, तेवढी दिंडीची भिशी कमी राहते. गरीब वारकऱ्यास वारी परवडते ती या हिशेबामुळे. करहेकाठच्या बारामतीस आश्रयाची परंपरा नवी नाही. कोल्हापूरकडील पन्हाळ्याहून आलेले मोरोपंत नाईकांच्या आधाराने या गावी राहिले व १७९४ मध्ये येथेच वारले. परंतु एका कवीस आयुष्यभर सांभाळणे व लाखांना एक रात्र सांभाळणे या दोन कसोट्या भिन्न आहेत, हे सांगणे नलगे.

या चित्राची दुसरी बाजू दडवून ठेवणे योग्य होणार नाही. दिंडीतील विश्वास ओळखीवर उभा असतो, आणि ओळख ही वस्तू मुळातच काहींना आत घेते व काहींना बाहेर ठेवते. इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ या लेखात आपल्या दिंडीचे जे वर्णन केले आहे, त्यात ब्राह्मण व मराठा मंडळी वाटेने एकत्र चालत व गात असली तरी जेवावयास निरनिराळी बसत, हे त्यांच्या मनास लागलेले शल्य स्पष्ट दिसते. दि. बा. मोकाशी १९६१ साली आळंदीच्या पालखीबरोबर चालले. १९६४ च्या त्यांच्या ‘पालखी’ या पुस्तकात दिंडीच्या दैनंदिन प्रपंचाचे निरीक्षण आहे. त्यानंतर पंगतीतील भेद पुष्कळ सैल झाले आहेत. तरी स्वस्त व खात्रीचा निवारा हा येथे सभासदत्वाचा लाभ आहे, येईल त्याचा हक्क नव्हे, ही मूळ मर्यादा कायम आहे.

तिचा भार पडतो तो दिंडीविना चालणाऱ्यांवर. ज्यांच्यापाशी भिशी भरण्याइतकीही रक्कम नाही, किंवा ज्यांना घरातून एकटेच निघावे लागले, असे लोक पालखीबरोबर पुष्कळ असतात, आणि त्यांत वृद्ध स्त्रियांचे प्रमाण डोळ्यांत भरण्याजोगे असते. त्यांचे अंथरूण देवळाच्या ओवरीत, एस. टी. स्थानकाच्या फरशीवर, बंद दुकानाच्या पायरीवर पडते. पाऊस आला की खांद्यावरचा प्लॅस्टिकचा कागद हेच छप्पर. जेवण त्यांना अन्नदानाच्या पंगतीत मिळते. अडते ते झोप आणि शौच या दोन ठिकाणी. स्त्रियांना आडोसा मिळावा म्हणून रात्री दोन-तीन वाजता उठावे लागे, ही जुनी तक्रार होय. गेल्या दशकात ‘निर्मल वारी’च्या नावाने मुक्कामाच्या गावी फिरती शौचालये ठेवण्याची पद्धत पडली व तिने मोठे काम केले. एकोणिसाव्या शतकात यात्रा म्हटली की सरकारला पटकी आठवे, आणि जगन्नाथपुरीसाठी तर यात्रेकरूंच्या निवासगृहांचा स्वतंत्र कायदाच करण्यात आला होता. तेव्हा यात्रेकरूस रोगाचा वाहक मानून नियम झाले. आता त्याची सोय पाहून होत आहेत, हा फरक लहान नाही.

शासनाची मदतही आता रोख स्वरूपात आली आहे. २०२४ साली राज्य सरकारने प्रत्येक दिंडीस २० हजार रुपये देण्याचे जाहीर केले. रक्कम दिंडीस मिळते, म्हणजे ज्याला दिंडी आहे त्याला मिळते. ओवरीत निजणाऱ्या बाईच्या वाट्यास ती कशी यावी, याचा विचार या योजनेत दिसत नाही.

२०२० व २०२१ या दोन वर्षी साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस. टी.च्या गाडीने पंढरपुरास नेण्यात आल्या, आणि बारामती-इंदापूरचे तळ रिकामे राहिले. लेखी करार नसलेली व्यवस्था दोन वर्षे खंडित झाली तर ती पुन्हा जुळेल काय, अशी शंका रास्त होती. २०२२ साली पालखी आली आणि दिंड्या पुन्हा मुक्कामाला उतरल्या. वस्तुतः ओळखीस दोन वर्षांचा खंड फारसा बाधत नाही. तिला बाधते ते जागेचे नष्ट होणे. पाटसहून बारामती व इंदापूरमार्गे जाणाऱ्या पालखी मार्गाच्या रुंदीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसविण्यात आली. चालण्यास रस्ता ऐसपैस झाला. पण रस्ता रुंद झाला की कडेच्या जमिनीची किंमत वाढते, शेताचे भूखंड पडतात, भूखंडाभोवती कुंपण येते. आणि ज्या वावरात पिढ्यान्‌पिढ्या राहुटी ठोकली जाई तेथे मेख मारण्यास जागा राहत नाही. यजमानाची इच्छा असूनही त्याच्यापाशी देण्याजोगे अंगण उरत नाही. मग दिंडीस मंगल कार्यालय भाड्याने घ्यावे लागते आणि ते भाडे अखेर भिशीत मिळविले जाते.

पंढरपुरात या अडचणीस उत्तर म्हणून नदीपलीकडे ६५ एकर जागा दिंड्यांच्या तंबूंसाठी राखून ठेवण्यात आली. वाटेवरील गावांतही पालखीतळासाठी जमिनी आहेत. परंतु तळावर पालखी व मोजक्या दिंड्या मावतात, बाकीच्यांना गावच्या मोकळ्या जागांवरच विसंबावे लागते. त्या जागांची नोंद महसुली दप्तरात ‘दिंडीची जागा’ म्हणून असण्याचे काही कारण नाही. ती केवळ दिंडीच्या प्रमुखाच्या व शेताच्या मालकाच्या ध्यानात असते. शाळांचे तसे नाही. पालखीच्या दिवशी शाळेस सुटी देतात, बाके भिंतीशी रचून ठेवतात, आणि वर्गांत दिंडीची माणसे निजतात; व्हरांडा मात्र ज्यांचे कोणी नाही त्यांच्यासाठी मोकळा राहतो. पहाटे तुतारी होते, वळकट्या बांधल्या जातात, आणि उजाडेपर्यंत व्हरांड्यात उरते ती चिखलाची पावले व चुकून राहिलेली एखादी काठी. ती काठी शाळेचा शिपाई बाजूस ठेवून देतो. पुढल्या मुक्कामी पुकारा होईल, या भरवशावर मागून जाणाऱ्या एखाद्या दिंडीच्या हाती ती दिली जाते.